वाचक विचारतात : मुखवट्याआडचे वय

मागील अंकात आम्ही अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : आपल्या आवडीचे पात्र कुणीतरी परस्पर बदलून टाकले आहे. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : कॉलेजात असताना मी रद्दीच्या दुकानातून स्पायडर-मॅनचे जुने अंक आणून वाचत असे. मुखवट्याआडचा पीटर पार्कर आणि त्याची बायको मेरी जेन यांचा संसार मला पाठ होता. मध्ये बरीच वर्षे वाचन सुटले. अलीकडे पुन्हा हाती घेतले, तर त्यांचे लग्न कधी झालेच नव्हते असे कळले. सैतानाशी करार करून ते पुसून टाकले म्हणे. असे करण्याचा अधिकार लेखकाला कुणी दिला? – एक वाचक, पुणे

उत्तर : अधिकाराविषयीचे उत्तर रुक्ष आहे, म्हणून ते आधी देऊन टाकतो. या पात्रांची मालकी लेखकाची नसते, प्रकाशन कंपनीची असते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरला विकले, तेव्हापासून या धंद्याची रीत तीच राहिली आहे. लेखक येतो, काही वर्षे पात्र सांभाळतो आणि निघून जातो. पात्र मात्र कंपनीच्या घरीच राहते आणि दर महिन्याला त्याचा अंक निघायलाच हवा असतो.

आता लग्नाकडे येऊ. ते १९८७ साली झाले आणि वाजतगाजत झाले. त्याच वर्षी ५ जूनला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, बेसबॉलच्या सामन्याआधी, नट-नट्यांना नवरा-नवरी करून स्वतः स्पायडर-मॅनचे एक जनक स्टॅन ली यांनी ते जाहीरपणे लावलेही. वीस वर्षे तो संसार चालला. मग २००७ साली ‘वन मोअर डे’ ही कथा आली. पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंना गोळी लागते, त्या मरणाच्या दारात आहेत, आणि मेफिस्टो नावाचा सैतान पीटर व मेरी जेन यांच्यापुढे सौदा ठेवतो : काकूंचा जीव हवा असेल तर तुमचे लग्न मला द्या. दोघे मान्य करतात. दुसऱ्या दिवशी पीटर अविवाहित तरुण म्हणून जागा होतो आणि जगात कुणालाच काही आठवत नाही.

स्पायडर-मॅन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचे त्या वेळचे मुख्य संपादक जो केसाडा यांनी आपली भूमिका लपवून ठेवली नव्हती. विवाहित पीटर वयस्क वाटतो आणि त्यामुळे त्याच्या गोष्टी आखडतात, असे त्यांचे मत होते. घटस्फोट घडवला असता तर तो आणखी वयस्क दिसला असता, विधुर केला असता तर त्याहूनही. म्हणून लग्न मोडायचे नाही, ते झालेच नव्हते असे करायचे, हा मार्ग निघाला. त्या कथेचे लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनाही शेवट पटला नव्हता आणि त्यांनी तसे उघड सांगितले.

आपला राग आम्हाला समजतो, पण तो नेमका कशाचा आहे हे तपासून पाहावे. लग्न संपले याचा आहे, की त्याची किंमत कुणीच मोजली नाही याचा? स्पायडर-मॅन हे पात्र उभे आहे तेच मुळी ‘गेले ते परत येत नाही’ या एका गोष्टीवर. १९६२ सालच्या पहिल्याच कथेत तो एका पळत्या चोराला आळसाने वाट देतो आणि पुढे तोच चोर त्याच्या बेन काकांना मारतो. अशा मुलाच्या हाती सैतानाने रबर ठेवावे आणि त्याने ते वापरावे, हे वयाच्या हिशेबापेक्षा जास्त खुपते.

याच मालिकेतले एक जुने पान यासाठी पाहण्यासारखे आहे. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा अंक, जून १९७३, लेखक गेरी कॉनवे, वय जेमतेम वीस, चित्रे गिल केन यांची. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली ढकलतो. (मजकुरात हा पूल जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज आहे आणि चित्रात मात्र सरळसरळ ब्रुकलिन ब्रिज दिसतो, हा वाद चाहत्यांत अजून रंगतो.) स्पायडर-मॅन वरून जाळे सोडतो, ते तिच्या पायाला बरोबर चिकटते आणि पडणे थांबते. त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ एक अगदी लहान ध्वनिशब्द लिहिलेला आहे : ‘स्नॅप’. पहिल्या वाचनात तो नजरेतून सुटू शकतो. पुढच्या चौकटींत पीटर तिला वर ओढताना स्वतःच्या कौशल्यावर खूश होऊन तिच्याशी बोलत असतो, आणि वाचकाला त्याच्याआधी कळून चुकते की ती ऐकत नाही. तिला पडण्याने मारले की त्याच्या जाळ्याच्या हिसक्याने? गॉब्लिन म्हणतो, इतक्या उंचीवरून पडणारा जमिनीला टेकण्याआधीच मरतो. पण चार महिन्यांनी, १२५व्या अंकातल्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर, संपादकांनी खेदपूर्वक कबूल केले की मृत्यू त्या हिसक्यानेच झाला. एका नायकाच्या आयुष्यातले सर्वांत जड वाक्य कथेत आलेच नाही, ते आमच्यासारख्याच एका सदरात छापले गेले, याचा आम्हाला थोडा व्यावसायिक अभिमान वाटतो.

ग्वेनच्या नावाने पुढे प्रतिकृती आल्या, दुसऱ्या विश्वातली ग्वेन आली. पण मूळ विश्वातली ती ग्वेन पन्नास वर्षे मेलेलीच राहिली, आणि प्रत्येक लेखकाला त्या मृत्यूचा उपयोग होत आला. लग्नाचाही झाला असता, असे आमचे मत आहे. १९९८ पासून ‘स्पायडर-गर्ल’ या मालिकेत, वेगळ्या भविष्यकाळात, पीटर आणि मेरी जेन यांची मुलगी मे नायिका झाली आणि ती मालिका शंभर अंक चालली. २०२४ साली जोनाथन हिकमन यांनी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ नव्याने सुरू केले. त्यात पीटर लग्न झालेला, दोन मुलांचा बाप असताना त्याला शक्ती मिळते, आणि पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. म्हणजे वाचकाला संसारी नायक चालत नाही, हे म्हणणे निदान सरसकट खरे नाही.

मग असे का होते? आमचे निरीक्षण असे की हे बदल करणारेही एकेकाळचे वाचकच असतात. पूर्वी कॉमिक वर्तमानपत्राच्या टपरीवर विकले जाई आणि मुलगा चार-पाच वर्षांत ते वाचणे सोडून देईल, असे संपादक गृहीत धरत. त्यामुळे जुनी गोष्ट नव्या वेष्टनात दिली तरी चालून जाई. पुढे केवळ कॉमिक्सची दुकाने निघाली, वाचक मोठा होऊनही टिकला, आणि त्यांतलेच काही लेखक-संपादक झाले. अशा माणसाच्या हाती पात्र आले की तो त्याला पुढे नेतोच असे नाही. स्वतः बारा वर्षांचा असताना तो जिथे होता तिथे त्याला परत नेऊन ठेवण्याचा मोह त्याला आवरत नाही. ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डनला १९९४ साली खलनायक केले आणि त्याच्या जागी काइल रेनर हा तरुण आणला; दहा वर्षांनी जेफ जॉन्स यांनी हॅलला पुन्हा नायक करून परत आणले. १९८५ साली मेलेला फ्लॅश, बॅरी ॲलन, २००८ साली परतला. ज्या मुलांनी नव्वदच्या दशकात काइललाच आपला ग्रीन लँटर्न मानले होते, त्यांच्या दृष्टीने पात्र बिघडवणारा माणूस हॅलला परत आणणारा होता. आपला पीटर विवाहित आहे, केसाडांचा अविवाहित होता, आणि दोघांचाही पीटर खरा आहे. फरक इतकाच की लेखणी त्यांच्याकडे होती.

प्रश्न : माझा भाचा हिशेब करतो की पीटर पार्कर आज ऐंशीच्या घरात असायला हवा. मग तो तरुण कसा? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भाच्याचा हिशेब बरोबर आहे. १९६२ साली पीटर पंधराच्या आसपास होता. पण मार्व्हल कंपनीच्या विश्वात काळ सरकता धरला जातो : सारे काही ‘साधारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी’ सुरू झाले, आणि ती दहा-पंधरा वर्षे आजच्या तारखेपासून मागे मोजायची. त्यामुळे युद्धेही सरकतात. टोनी स्टार्क १९६३ साली व्हिएतनाममध्ये जखमी होऊन आयर्न मॅन झाला. २००० नंतरच्या दशकात ते ठिकाण अफगाणिस्तान झाले. आणि २०१९ साली कंपनीने सिआनकाँग नावाच्या एका काल्पनिक देशातले काल्पनिक युद्धच निर्माण केले, म्हणजे पुन्हा सरकवायला नको.

मॅग्नेटोचे मात्र असे होऊ शकत नाही. १९६३ साली एक्स-मेनच्या पहिल्या अंकात तो आरडाओरडा करणारा साधा खलनायक होता. १९७५ पासून तब्बल सोळा वर्षे ती मालिका लिहिणाऱ्या ख्रिस क्लेअरमॉन्ट यांनी १९८१ साली त्याला आउश्वित्झमधून वाचलेला मुलगा केले, आणि त्याच्या द्वेषाला अचानक एक कारण मिळाले. मन लावून केलेला बदल पात्राला किती वर नेतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. पण आउश्वित्झ सरकवता येत नाही. तेथे १९७४ सालची एक पोरकट कथा उपयोगी पडते, जिच्यात मॅग्नेटोला तान्हे बाळ केले होते आणि नंतर कुणीतरी पुन्हा प्रौढ केले. त्या वेळी ती गंमत होती, आज तोच त्याच्या तरुण शरीराचा दाखला आहे. कॅप्टन अमेरिकाचे काम सगळ्यांत सोपे आहे : तो १९४५ पासून बर्फात गोठला होता, तेव्हा बर्फातला मुक्काम तेवढा वाढवत न्यायचा.

त्याच्याविषयी एक जास्तीची गोष्ट सांगतो. १९५०च्या दशकात हा कॅप्टन काही काळ कम्युनिस्टांना झोडपत फिरत होता. १९६४ साली तो बर्फातून निघाला तेव्हा त्या अंकांचा मेळ बसेना. १९७२ साली स्टीव्ह एंगलहार्ट यांनी खुलासा केला की तो कॅप्टन तोतया होता, खऱ्याची पूजा करता करता वेडा झालेला. असे मागाहून इतिहास दुरुस्त करण्याला चाहते ‘रेटकॉन’ म्हणतात. ‘रेट्रोॲक्टिव्ह कंटिन्युइटी’ या ज्या लांबलचक शब्दप्रयोगाचे हे लघुरूप, तोही १९८३ साली एका मालिकेच्या पत्रांच्या पानावरच छापून आला होता.

प्रश्न : मूळ बॅटमॅन कुणाला मारत नसे, हल्लीच्या चित्रपटांनी त्याला हिंसक केले. आपले मत? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मूळ बॅटमॅन मारत असे. मे १९३९ च्या पहिल्याच कथेत त्याच्या ठोशाने गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याचे जराही वाईट वाटत नाही. १९४० च्या वसंतात ‘बॅटमॅन’ या स्वतंत्र मालिकेचा पहिला अंक आला. त्यात तो विमानावरच्या मशीनगनने एका ट्रकवर गोळ्या झाडतो. हे पाहून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक बंद केली. त्याच सुमारास रॉबिन आला होता, आणि लहान मुलगा सोबत असलेल्या माणसाने माणसे मारत फिरणे शोभलेही नसते.

त्याच अंकात आणखी एक निर्णय झाला. जोकर शेवटी मरणार होता. संपादकाच्या सांगण्यावरून तो जिवंत असल्याचे दाखवणारी एक चौकट जोडली गेली. एक वाचलेला खलनायक आणि एक काढून घेतलेली बंदूक, या दोन्ही कार्यालयीन तडजोडी. पुढे लेखकांनी त्या एकमेकींना बांधल्या, आणि ‘बॅटमॅन जोकरला का मारत नाही’ हा या पात्राचा सर्वांत मोठा नैतिक प्रश्न झाला. तेव्हा चित्रपटांवर टीका जरूर करावी, पण ‘मूळ’ हा शब्द तेवढा वापरू नये. न मारणे हे बॅटमॅनचे मूळ नाही, ते त्याच्यात मुरलेले आहे, आणि आमच्या मते मुरलेल्याचा हक्क मुळापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : वाचकांच्या मतदानाने रॉबिनला मारले होते, हे खरे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : खरे आहे. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, वाचकांना फारसा रुचत नव्हता. १९८८ च्या सप्टेंबरमध्ये छत्तीस तास दोन दूरध्वनी क्रमांक खुले ठेवले गेले, एक त्याला वाचवण्यासाठी आणि एक मारण्यासाठी, आणि दर फोनला पन्नास सेंट आकार होता. मारण्याच्या बाजूने ५,३४३ आणि वाचवण्याच्या बाजूने ५,२७१ फोन आले. बहात्तर मतांचा फरक! दोन्ही शेवट तयार होते, त्यांतला एक छापला गेला. २००५ साली जेसन परतला. कारण काय दिले असेल? दुसऱ्याच एका कथेतल्या एका सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्या हादऱ्याने जेसन थडग्यात जिवंत झाला. आम्ही हे बनवून सांगत नाही.

प्रश्न : माझी धाकटी बहीण व्हीलचेअर वापरते. तिला बार्बरा गॉर्डन फार आवडायची. ती बरी झाली तेव्हा बहीण चक्क रडली. पात्र बरे झाले, यात दुःख कसले, हे मला तेव्हा कळले नव्हते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या बहिणीचे चुकले नाही. बार्बरा ही पोलीस आयुक्त गॉर्डन यांची मुलगी, पूर्वीची बॅटगर्ल. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर तिला गोळी घालतो आणि ती कमरेखाली लुळी होते. ती कथा गाजली, पण तिच्यात बार्बरा केवळ बापाला आणि बॅटमॅनला छळण्याचे साधन आहे. तिला स्वतःला काय वाटते, याला पानच दिलेले नाही. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या दांपत्याला हे सलले. १९८९ च्या प्रारंभी ‘सुइसाइड स्क्वाड’ या मालिकेत त्यांनी ‘ओरॅकल’ नावाची एक अदृश्य माहितीतज्ज्ञ आणली आणि पुढे उघड केले की ती बार्बराच आहे. संगणकासमोर, व्हीलचेअरवर बसून ती अवघ्या नायकमंडळाला दिशा देऊ लागली. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या पात्राला एका जोडप्याने उचलून आधीपेक्षा मोठे केले.

सप्टेंबर २०११ मध्ये बॅटमॅनच्या गोष्टी काढणाऱ्या डीसी कंपनीने आपल्या बावन्न मालिका एकदम पहिल्या अंकापासून सुरू केल्या. त्यात बार्बरा शस्त्रक्रियेने बरी होऊन पुन्हा बॅटगर्ल झाली. बॅटगर्ल होऊ शकणाऱ्या मुली या विश्वात आणखीही होत्या. कसांड्रा केन आणि स्टेफनी ब्राउन यांनी तो वेश घातलेलाही होता. ओरॅकल मात्र एकच होती. कंपनीने जुने, ओळखीचे रूप परत आणले आणि तसे करताना आपल्या बहिणीसारख्या वाचकांच्या हातून जे गेले, त्याची मोजदाद केली नाही. पुढे बार्बराने ओरॅकल हे नाव पुन्हा घेतले, हे तिला जरूर सांगावे.

प्रश्न : मुंबईचा पवित्र प्रभाकर हा खरा स्पायडर-मॅन मानावा का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मानावा. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी चार अंकांत त्याला उभे केले. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला मुलगा, मीरा जैन ही मैत्रीण, भीम काका, माया काकू, आणि किरणोत्सर्गी कोळ्याऐवजी एका योग्याने दिलेली शक्ती. नावांचे हे भाषांतर थोडे बाळबोध आहे, हे मान्य. पण २०२३ च्या ॲनिमेशनपटात तोच मुलगा इतका हजरजबाबी होऊन आला की बदल हा शब्द आम्ही येथे आनंदाने वापरतो.

प्रश्न : आमच्या लहानपणीचा इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ कधी बदलला नाही. मग या अमेरिकनांनाच ही खोड का? – एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, हाही अमेरिकनच. ली फॉक यांनी त्याला १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रांत आणले, आणि इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाले ते त्याच्याच कथेने. तो बदललाही. त्याचे जंगल सुरुवातीला आशियात होते, पुढे ते आफ्रिकेत गेले. चाळीस वर्षे प्रेयसी डायनाला ताटकळत ठेवून १९७७ साली त्याने लग्न केले, आणि मग त्यांना किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली. आपल्या हातात आलेल्या वेताळात तर इकडच्या संपादकांनीही हात फिरवला होता : वेताळाच्या देशाचे मूळचे ‘बेंगाली’ हे नाव आपल्याकडे ‘डेंकाली’ झाले, समुद्री चाच्यांच्या ‘सिंग’ टोळीचे ‘सिंगा’ झाले, आणि वेताळाच्या बापाला मारणारा ‘रामा’ आपल्यासाठी ‘रामालू’ झाला. खुन्याचे नाव रामा आणि चाच्यांचे सिंग, हे येथे चालले नसते, हे उघड आहे.

तरीही हे बदल आपल्याला खुपले नाहीत, आणि त्याला दोन कारणे दिसतात. एक म्हणजे १९९९ साली मृत्यू येईपर्यंत फॉक स्वतःच वेताळ लिहीत होते. त्रेसष्ट वर्षे एकच हात. दुसरे असे की वयाचा प्रश्न त्यांनी पहिल्यापासूनच सोडवून ठेवला होता. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, पण वाचकाला ठाऊक असते की हा एकविसावा आहे. आधीचे वीस जण त्याच कवटीच्या गुहेत पुरलेले आहेत आणि प्रत्येकाने आपल्या कारकिर्दीची हकिकत वहीत लिहून ठेवली आहे. बाप मेला की मुलगा कवटीवर शपथ घेतो आणि तोच मुखवटा चढवतो. बाविसावा घरातच तयार आहे. पहिल्या वेताळाचे नावही किटच होते.